फुफ्फुसातला फुगा
बिडी-सिगारेटच्या धुराने वायुकोशांमधले पडदे वर्षानुवर्षं झिजत गेले की अनेक कोशांची मिळून एकच पोकळी होते. ती १ सेंटिमीटरहून मोठी झाली की डॉक्टर तिला ‘बुला’ म्हणतात. आत हवा असते खरी, पण रक्ताला तिचा काडीचा उपयोग नाही. उलट शेजारचं धडधाकट फुफ्फुस दाबलं जातं. छातीच्या एका बाजूचा तिसरा हिस्सा व्यापणारा बुला ‘महाकाय’.

खरी गोची एक्स-रेत. मोठा बुला फुटलेल्या फुफ्फुसासारखाच दिसतो आणि हवा काढायला छातीत घाईने घातलेली नळी थेट त्यातच शिरू शकते. शंका असेल, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर आधी सीटी स्कॅन. बुला असलेल्याला अचानक छातीत कळ आली आणि धाप लागली तर तडक रुग्णालय. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच. तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग मात्र साफ विसरा!