आधी परवानगी, मग खिदमत

शाळा संपली की कॉलेजात नाव घालण्याआधी एखादे वर्ष परदेशात काढायचे, ही जर्मनीतल्या तरुणांत रुळलेली पद्धत आहे. त्यांतली काही मुलेमुली मात्र हे वर्ष इस्रायल, पोलंड, नेदरलँड्स अशा देशांत वृद्धांच्या सोबतीला जाऊन काढतात. ज्यांच्यासाठी ती चहा घेऊन जातात, त्यांच्यापैकी काहींचे आईबाप आणि भावंडे नाझी छळछावण्यांत मारली गेली. मारणारे होते याच मुलांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले लोक. अशा खोलीत त्या मुलाने कोणत्या तोंडाने पाऊल टाकायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधले ते लोथार क्रायसिग या न्यायाधीशाने. १९४० साली ब्रँडेनबुर्ग शहरात ते अपंग आणि मनोरुग्णांच्या पालकत्वाची प्रकरणे पाहत. न्यायालयाच्या देखरेखीखालच्या या रुग्णांच्या मृत्यूची पत्रे एकापाठोपाठ येऊ लागली, तेव्हा त्यांना संशय आला. नाझी सरकार ‘निरुपयोगी’ ठरवलेल्या माणसांना गुपचूप संपवत होते. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत अशा ७० हजारांहून अधिक रुग्णांचा जीव घेण्यात आला. क्रायसिग यांनी कायदामंत्र्यांना पत्र लिहिले, रुग्णांना हलवायला मनाई केली आणि हिटलरच्या खास कार्यालयाचा प्रमुख फिलिप बूलर याच्याविरुद्ध खुनाची फिर्याद दिली. पुढे त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले.

ज्याने स्वतः विरोध केला, त्याच माणसाने युद्धानंतर साऱ्या समाजाचा गुन्हा आपला मानला. १९५८ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला प्रोटेस्टंट चर्चच्या महासभेत त्यांनी एक आवाहन मांडले. त्याचा आशय असा : आमच्या हातून ज्यांनी अत्याचार सोसले, त्यांनी आम्हाला आमच्या हातांनी त्यांच्या देशात काही चांगले काम करू द्यावे. मदतीची घोषणा करण्याऐवजी त्यांनी परवानगी मागितली होती.

संस्थेच्या नावातही हाच विचार आहे. सुरुवातीच्या नावात ‘समेट’ या अर्थाचा शब्द होता. पण समेटाला दोन्ही बाजू लागतात. गुन्हा करणाऱ्याने तो एकट्याने जाहीर करणे बरे नव्हे, म्हणून त्या जागी ‘झ्यूने’ हा शब्द आला. मराठीत प्रायश्चित्त, उर्दूत कफ्फारा. ते आपले आपण करता येते. समोरच्याने माफ केलेच पाहिजे, अशी अट त्याला नसते.

पहिल्या आवाहनात पोलंड, सोव्हिएत रशिया आणि इस्रायल यांची नावे होती. दारे उघडली ती मात्र १९५९ साली नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये. इस्रायलमध्ये पहिली तुकडी १९६१ साली पोहोचली. सुरुवातीचे काम विटा-सिमेंटचे होते. १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री कॅथेड्रलच्या आवारात जर्मन तरुणांनी बांधकाम केले. फ्रान्समधल्या तेझे गावात त्यांनी उभारलेले प्रार्थनाघर १९६२ साली पूर्ण झाले. पुढे बांधकाम मागे पडले आणि माणसांची सोबत हेच मुख्य काम झाले.

हे काम दिसायला किरकोळ असते. चाकाची खुर्ची बागेत न्यायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, दुकानातून सामान आणायचे, जुने फोटो पाहायचे. सांगणारा सांगेल तेव्हा ऐकायचे आणि गप्प बसला तर आपणही गप्प बसायचे.

अवघड गोष्ट असते भाषा. इस्रायलमधल्या काही वृद्धांचे बालपण जर्मनीत गेले. आईने अंगाई म्हटली ती जर्मनमध्ये, आणि घरातून हाकलणाऱ्यांनी आरोळ्या ठोकल्या त्याही जर्मनमध्येच. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची उरते. अशा वेळी समोर जर्मन बोलणारा तरुण आला, तर कुणाला माहेर भेटल्यासारखे वाटेल, तर कुणाचा थरकाप होईल. दोन्ही खरे. एखाद्या आजोबांनी ‘हा मुलगा नको’ म्हटले, तर तो त्यांचा हक्क आहे, आणि मुलाने निमूट मागे फिरणे हाही सेवेचाच भाग.

त्या मुलाने स्वतः काहीच केलेले नाही, मग त्याने का झुकायचे, असा प्रश्न रास्त आहे. तो गुन्हेगार नाहीच. पण घराण्याचे नाव आणि भाषा वारशाने घेतली, तर हिशेबाची वहीसुद्धा उघडून पाहावी लागते, एवढेच हे वर्ष त्याला शिकवते.

आता वेळ थोडा उरला आहे. युद्ध संपले त्या वर्षी जन्मलेले मूलही आज ऐंशीच्या आसपास आहे. मनाचा समेट झाला की नाही, हे त्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसाने ठरवायचे. मुलाने दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा दार वाजवायचे आणि विचारायचे, ‘आत येऊ का?’