रेल्वेच्या डब्याची सरकती खिडकी

रेल्वेच्या डब्याला उघडणारी खिडकी तीन तऱ्हांनी बसवता येते. तावदान वर-खाली सरकवायचे, आडवे सरकवायचे, किंवा खालच्या कडेला बिजागरी लावून आतल्या बाजूला कलते करायचे. चौथी तऱ्हा मुळी न उघडणाऱ्या खिडकीची. पुणे स्थानकाच्या फलाटावर यांतले बहुतेक प्रकार पाहायला मिळतात. लोणावळा लोकलला आणि डेक्कन क्वीनच्या सेकंड क्लासच्या डब्यांना वर उचलायची खिडकी असते, वातानुकूलित डब्यांना कायमची बंद, आणि डिझेल इंजिनाच्या केबिनला बाजूला आडवी सरकणारी. कुठल्या डब्याला कोणती खिडकी द्यायची हे हवा, पाऊस, धूळ, गर्दी आणि देखभाल यांचा हिशेब मांडून ठरते. त्यात पुणे-मुंबई मार्ग हा हिशेब फारच काटेकोर करायला लावतो.

हा मार्ग सुमारे १९२ किलोमीटरचा आहे. त्यातला कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा टप्पा १८६३ साली खुला झाला. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. ओळीने बोगदे आहेत. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच. म्हणजे एकच डबा एकाच फेरीत कल्याणचा दमट उकाडा, घाटातली झड आणि पुण्याकडची कोरडी धूळ सोसतो, आणि खिडकी एकच असते.

डब्याची भिंत नुसता आडोसा नसते. डब्याचा आणि प्रवाशांचा भार तळाच्या सांगाड्याइतकाच भिंतीही उचलतात. खिडकी म्हणजे या भार वाहणाऱ्या भिंतीला पाडलेले भोक. भोकाच्या कोपऱ्यांत ताण गोळा होतो. कोपरा काटकोनात कापला तर तिथूनच पत्र्याला चीर जाते, म्हणून खिडक्यांचे कोपरे गोलाकार ठेवतात. गर्दीने भरलेला डबा मध्ये किंचित वाकतो आणि रिकामा झाला की पूर्ववत होतो. खिडकीची चौकट भिंतीला घट्ट आवळून टाकली, तर भिंतीबरोबर तीही तिरकी होते आणि तावदान अडकते. गंमत नाही, हा नेहमीचा दोष आहे: खिडकी नेमकी गर्दीच्या वेळी, म्हणजे हवेची सगळ्यांत जास्त गरज असते तेव्हा, हलेनाशी होते. चांगल्या रचनेत संपूर्ण खिडकी आपल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीसकट कारखान्यात वेगळी जोडतात आणि रबराच्या गॅस्केटवर भिंतीत बसवतात. भिंत हलली तरी चौकट काटकोनात राहते. रबरामुळे आणखी एक काम होते. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओल्या जागी एकमेकांना चिकटून राहिले तर ॲल्युमिनियम कुरतडले जाते. रबर त्यांना वेगळे ठेवते.

आता प्रश्न येतो तावदान कोणत्या दिशेने सरकवायचे याचा. जुन्या लाकडी डब्यांत तावदान खाली, भिंतीच्या पोटातल्या कप्प्यात उतरत असे. वरच्या वर्गाच्या डब्यांना काच, पट्ट्यांची झडप आणि बारीक जाळी अशी तीन वेगवेगळी आवरणे असत. मात्र या कप्प्यात पावसाचे पाणी साठे आणि आतून लाकूड कुजे. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने १९५५पासून पोलादी डबे बनवायला सुरुवात केली. त्या डब्यांत आवरणे वर उचलायची आहेत: एक काचेचे, एक धातूच्या पट्ट्यांचे. दोन्ही हातांनी दोन खिट्ट्या दाबायच्या, तावदान वर ढकलायचे, खाचेत अडकले की सोडायचे. या रचनेचा मोठा गुण म्हणजे जवळजवळ सगळी खिडकी मोकळी होते. पट्ट्यांची झडप खाली ओढली तर ऊन आणि पावसाचे थेंब अडतात, तरी हवा येत राहते. आपल्या हवामानासाठी काढलेला हा फार चांगला तोडगा आहे. तोटा एवढाच की तावदानाचे सगळे वजन खिट्टीवर असते. खाच झिजली की ते धाडकन खाली येते, आणि खाली कुणाची तरी बोटे असतात.

आडव्या सरकत्या खिडकीत हा धोका नाही. काच तळाच्या पन्हळीवर उभी असते, तिला तोलून धरायला काही लागत नाही. भिंतीच्या पोटात कप्पाही लागत नाही, त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते आणि दुरुस्तीला सगळे भाग समोर असतात. पण दोन सारख्या तावदानांची खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. पुढच्याने आपल्याकडची बाजू उघडली की मागच्याकडची बंद होते, आणि एका खिडकीशी दोन बाकडी असली की यावरून वाद ठरलेला. उन्हाळ्यात खचाखच भरणाऱ्या साध्या डब्याला अर्धीच खिडकी देणे हा चुकीचा सौदा आहे, आणि आपल्याकडे वर उचलायची खिडकी टिकून राहिली ती योग्य कारणाने टिकली. अनेक देशांत एक मधला मार्ग दिसतो. खालची मोठी काच पक्की आणि वरचा हातभर उंचीचा पट्टा तेवढा सरकता. बसलेल्या माणसाचे डोके किंवा हात बाहेर जात नाहीत, त्यामुळे आडव्या गजांची गरज उरत नाही, आणि बाहेरचे दृश्यही मोकळे दिसते.

इंजिनाच्या केबिनला मात्र आडवी सरकती खिडकीच सोयीची. लोको पायलटला वळणावर मागे वळून गाडी पाहावी लागते, स्थानकातून जाताना कर्मचाऱ्यांशी सिग्नलची देवाणघेवाण करावी लागते, आणि त्या वेळी दुसरा हात यंत्रावर असतो. एका हाताने, न उठता, अर्ध्या सेकंदात उघडणारी खिडकी त्याला हवी. तिथे अर्ध्या उघडीपीची अडचण नाही.

तावदानावर काय काय बळे येतात हे पाहिले की पुढचे तपशील समजतात. १०० किलोमीटर वेगाने समोरून आलेली हवा एखाद्या पृष्ठभागावर थांबली तर तिथे सुमारे ४६० पास्कल दाब येतो. अर्ध्या चौरस मीटरच्या काचेवर हा भार २३ किलोंच्या आसपास होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. डब्याच्या बाजूच्या भिंतीवर एरवी एवढा दाब नसतो, पण शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी झपकन गेली किंवा गाडी बोगद्यात शिरली की काचेला आधी आत ढकलणारा आणि लगेच बाहेर ओढणारा हिसका बसतो. बोरघाटात वेग कमी असल्याने हे हिसके सौम्य असतात, तरी सैल तावदान खडखडायला तेवढे पुरतात.

दुसरे बळ गाडीच्या लांबीच्या दिशेने येते. ६० सेंटिमीटर रुंद, ५० सेंटिमीटर उंच आणि ५ मिलिमीटर जाड काचेचे वजन पावणेचार किलो भरते. घाट उतरताना ब्रेक लागला की उतार आणि ब्रेक दोन्ही तिला पुढच्या दिशेलाच ढकलतात. हे बळ मिळून अर्ध्या किलोच्या आतच असते, आणि पन्हळीतले घर्षण त्याला सहज अडवू शकते. पण डबा सतत थरथरत असतो, आणि थरथरीत घर्षणाची पकड सुटत जाते. काच मुंगीच्या पावलाने सरकत राहते, मग एखाद्या ब्रेकला आपटते. म्हणून घरच्या खिडकीत असतात तशी चाके इथे टाळतात, तावदान मखमली अस्तराच्या पन्हळीवर घासतच सरकवतात, आणि दर काही अंतरावर अडकणारी खिट्टी देतात.

सरकत्या खिडकीचे बरे-वाईट मात्र ठरते ते तळाच्या पन्हळीत. पुण्यातल्या फ्लॅटच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांतून जुलैत पाणी आत का येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा भाग ओळखीचा वाटेल. पन्हळीत पाणी येणारच, ते थोपवता येत नाही. रचनाकाराने ते साठू न देता परत बाहेर काढायचे असते. पण बाहेर वाऱ्याचा दाब असेल तर पाणी बाहेर जायला तयार होत नाही, उलट वर चढते. किती चढते याचा हिशेब सोपा आहे: ४६० पास्कल दाब पाण्याचा स्तंभ सुमारे ४७ मिलिमीटर उंच पेलतो. म्हणजे १०० किलोमीटर वेगाचा वारा सर्वांत वाईट परिस्थितीत पन्हळीतले पाणी जवळजवळ पाच सेंटिमीटर वर ढकलू शकतो. पन्हळीची आतली कड यापेक्षा ठेंगणी असेल तर काच कितीही उत्तम असो, प्रवाशाची मांडी भिजणार.

पाच सेंटिमीटरची कड दिली की खिडकीचा तळ बोजड होतो, शिवाय त्यावर हात टेकणे त्रासाचे. म्हणून पन्हळ पायऱ्यांची करतात. बाहेरच्या तावदानाची वाट सर्वांत खाली, आतल्या तावदानाची एक पायरी वर, आणि त्याच्याही आत शेवटची कड. प्रत्येक पायरीवर पाण्याचा जोर तुटतो. पाणी बाहेर काढणारी भोके तळात ठेवतात, पण ती गोल आणि बारीक ठेवून चालत नाही, कारण पाण्याच्या पृष्ठताणामुळे बारीक भोकात थेंब अडकून बसतो आणि भोक आपोआप बंद होते. त्याऐवजी बोटभर लांबीच्या चिरा पाडतात, आणि त्यांवर बाहेरून छोटी टोपी बसवतात, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही. आतल्या आणि बाहेरच्या चिरा समोरासमोर ठेवत नाहीत. समोरासमोर असतील तर एकीतून घुसलेला झोत दुसरीतून थेट डब्यात येतो.

एवढे करूनही धूळ उरते. ब्रेक-ठोकळ्यांची भुकटी, रुळांची झीज आणि माती यांचा पावसात चिखल होतो, तो वाळून सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि चिरा बुजवतो. चिरा बुजल्या की पाणी भिंतीच्या पोटात उतरते आणि डब्याच्या तळाच्या तुळईपर्यंत जाऊन गंज आणते. प्रवाशाला वरून यातले काहीच दिसत नाही. तळाची पट्टी दोन स्क्रू काढून उचलता येईल आणि पन्हळ ब्रशने साफ करता येईल अशी रचना हवी. हा तपशील नकाशात क्षुल्लक वाटतो, पण घोरपडीच्या यार्डात रात्रीच्या थोड्या वेळात डबे तपासणाऱ्यांसाठी तोच महत्त्वाचा.

काचेची निवड त्या मानाने सरळ आहे. सरकत्या तावदानाला टफन्ड काच वापरतात. ती फुटली तर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात. मात्र ही काच एकदा तापवून कडक केल्यावर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही. मुठीसाठीची भोके आधीच पाडावी लागतात. तिची दुबळी जागा म्हणजे कडा. कडेचा टवका उडाला तर सगळी काच एका क्षणात कोसळू शकते, म्हणून कडा घासून गोल करतात आणि आपटणाऱ्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी चढवतात. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर राहते, आणि दगडफेकीच्या भागांत तिचा उपयोग होतो. अशा दोन्ही तऱ्हांच्या काचांची परंपरा पुणे परिसराला नवी नाही; भोसरी आणि चाकण येथे सेंट-गोबेन सेक्युरिटचे मोटारींच्या काचांचे कारखाने आहेत. पॉलिकार्बोनेट काचेच्या निम्म्याहून हलके असते आणि सहज फुटत नाही, पण धुळीने ओरखडते. शिवाय ४० अंशांच्या तापमानफरकाला त्याचे एक मीटर लांबीचे तावदान अडीच मिलिमीटरहून जास्त वाढते, काच मात्र अर्धा मिलिमीटरही नाही. काचेसाठी आखलेल्या चौकटीत पॉलिकार्बोनेट बसवले की ते मे महिन्यात अडकते ते यामुळे.

खिडकी हा संकटातला दरवाजाही असतो. गज असलेल्या साध्या डब्यांत काही खिडक्या मुद्दाम बिनगजाच्या ठेवतात. एलएचबी या नव्या बनावटीच्या वातानुकूलित डब्यांत ठरावीक खिडक्यांना लाल मूठ असते; ती ओढली की काचेभोवतीची रबराची पट्टी निघते आणि काच मोकळी होते. आडवी सरकती खिडकी आपत्कालीन मार्ग म्हणून धरता येत नाही, कारण ती अर्धीच उघडते आणि डबा वाकला की अडकते. तिथे संपूर्ण चौकट निघण्याची सोय वेगळी करावी लागते.

वातानुकूलित डब्यांनी हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपवले आणि त्यांच्या जागी दुसरे आणले. २०२१ साली डेक्कन एक्सप्रेस आणि डेक्कन क्वीनला व्हिस्टाडोम डबे जोडले गेले, २०२२ साली डेक्कन क्वीनला एलएचबी डबे मिळाले आणि त्याच वर्षी ६ मार्चला पुणे मेट्रो सुरू झाली. मेट्रोच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांना आणि व्हिस्टाडोमला खिडकी उघडतच नाही. बंद खिडकीत पाणी येत नाही, आवाज कमी होतो, दुहेरी काचेमुळे गारवा टिकतो. पण वीज गेली की हवेचा एकमेव मार्गही बंद होतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंखा ठेवावा लागतो, किंवा काही खिडक्यांचा वरचा पट्टा कर्मचाऱ्यांच्या चौकोनी चावीने उघडण्याजोगा करावा लागतो. हा दुसरा उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि बॅटरीवर अवलंबून नाही. नव्या गाड्यांच्या रचनेत त्याला जागा मिळायला हवी.

तयार खिडकीची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. हजारो वेळा उघडझाप करून अस्तर आणि खिट्टी किती झिजली ते पाहतात, थरथरणाऱ्या मंचावर ठेवून तावदान आपोआप सरकते का ते तपासतात, मिठाच्या फवाऱ्यात चौकट ठेवून गंज पाहतात. डबा पूर्ण झाल्यावर त्यावर चारी बाजूंनी पाण्याचे फवारे सोडतात आणि आत कोरड्या हाताने प्रत्येक खिडकीची खालची कड चाचपतात. पुढे डबा धावू लागला की मोठ्या दुरुस्तीसाठी तो कारखान्यात येतो. मध्य रेल्वेच्या डब्यांसाठी हे काम माटुंग्याच्या कारखान्यात चालते, जिथे १९३० साली डेक्कन क्वीनच्या पहिल्या डब्यांचे सांगाड्यावरचे भाग बांधले गेले होते. तिथे खिडक्या उतरवून रबर आणि अस्तर बदलतात, चिरा मोकळ्या करतात, झिजलेल्या खिट्ट्या काढून नव्या बसवतात, आणि पन्हळीखालचा पत्रा गंजला असेल तर तो कापून नवा जोडतात.