बैठकांचे इतिवृत्त आणि पाण्याचा हिशेब

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कोरडवाहू जिल्ह्यात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या आढावा बैठकीचे अध्यक्षस्थान माझ्याकडे होते. अभियंते, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, एका संशोधन संस्थेचे प्रतिनिधी आणि काही सरपंच एकाच टेबलाभोवती बसले होते. एका सरपंच बाईंनी सांगितले, की गावात नळ आहेत, पण होळीनंतर विंधन विहीर आटते आणि पाऊस पडेपर्यंत बायकांना दूरवरून पाणी आणावे लागते. विभागाच्या तक्त्यात त्या गावापुढे ‘पूर्ण समाविष्ट’ असा शेरा होता. बैठक संपली. इतिवृत्तात वाक्य आले : ‘सर्व संबंधित घटकांशी सविस्तर विचारविनिमय झाला.’ त्याखाली सही माझी होती. तक्त्यातला शेरा मात्र तसाच राहिला.

हा प्रसंग आठवण्यास कारण आहे. ग्रामीण पाणी व स्वच्छतेच्या क्षेत्रात शासन, पंचायती, संशोधक, स्वयंसेवी संस्था आणि देणगीदार यांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांतही गावची पाणी समिती, तिला हात देणारी अंमलबजावणी साहाय्य संस्था आणि प्रशिक्षण देणारी संसाधन केंद्रे अशी रचना आहे. या भागीदाऱ्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेव्हा त्यांतून कोण काय शिकले याची तपासणी व्हायलाच हवी. ती बहुधा कार्यशाळा, प्रशिक्षणार्थी आणि छापील पुस्तिका यांची संख्या मोजून आटोपते. शिकण्याचा पुरावा तिथे सापडत नाही. तो पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात, दरसूचीत आणि पंपचालकाच्या वहीत शोधावा लागतो.

शिकण्याची गरज किती निकडीची आहे, हे आकडे सांगतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी मिशनची घोषणा झाली तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. हे यश मोठे आहे, पण इतिहास सावध करतो. १९७२-७३ मध्ये केंद्राने गतिमान ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला आणि १९८६ मध्ये पेयजल मिशन आले. प्रत्येक टप्प्यावर ‘समाविष्ट’ झालेल्या कितीतरी वस्त्या पुन्हा वंचितांच्या यादीत परतल्या. २०१२ ते २०१७ या काळात राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमावर ८१,१६८ कोटी रुपये खर्च झाले. तरीही दरडोई दररोज ४० लिटर या निकषावर वस्त्यांचे प्रमाण अवघे ८ टक्क्यांनी वाढले, असे कॅगच्या २०१८ च्या अहवालाने दाखवून दिले.

याचे कारण अज्ञान नव्हे. देशातील फ्लोरोसिसची पहिली नोंद १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर परिसरात झाली. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ १९७० च्या दशकात विकसित केली. तरीही त्यानंतर कैक वर्षे बाधित गावांतील मुले तेच पाणी पीत राहिली. ज्ञान होते, तंत्रही होते. ते रोजच्या कारभारात मुरवणारी व्यवस्था नव्हती. अध्ययन-भागीदारीची खरी कसोटी इथेच लागते.

या कसोटीवर देशातील तीन प्रयोग पाहण्याजोगे आहेत. पहिला अविभाजित आंध्र प्रदेशातला. २००८ पासून पाच वर्षे ‘वॉशकॉस्ट’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाखाली हैदराबादच्या संशोधन व स्वयंसेवी संस्थांनी नऊ कृषी-हवामान विभागांतील गावांत पाणी-स्वच्छता सेवेचा संपूर्ण आयुष्यभराचा खर्च मोजला. शासनाचे अभियंतेही त्या अध्ययन-मंचावर होते. निष्कर्ष अप्रिय होता. पैसा प्रामुख्याने नव्या बांधकामावर खर्च होतो. जुनाट पंप व वाहिन्या बदलण्यासाठी आणि स्रोत राखण्यासाठी फारच थोडा उरतो. कागदावरच्या सेवेपेक्षा प्रत्यक्ष सेवा उणी असते आणि ती उणीव कुटुंबे स्वतःच्या खिशातून भरून काढतात. हे विभागासमोर मांडले गेले, हे भागीदारीचे श्रेय. परंतु प्रकल्पाची मुदत संपली आणि २०१४ मध्ये राज्यच विभागले गेले. अशा वेळी ज्ञान अहवालात राहते की अंदाजपत्रकात उतरते, हाच मूल्यमापनाचा प्रश्न ठरतो.

दुसरा प्रयोग तमिळनाडूचा. २००४ च्या सुमारास तिथल्या पाणीपुरवठा मंडळाच्या अभियंत्यांनी आपल्याच कामाची झाडाझडती घेतली. गावातील पारंपरिक ‘कूडम’ म्हणजे सगळ्यांनी समान नात्याने बसण्याची जागा. त्या धर्तीवर मुख्य अभियंत्यापासून कनिष्ठापर्यंत सारे पदाचा मान बाजूला ठेवून बोलू लागले. मग ते गावांत गेले. प्रायोगिक गावांत नवी योजना उभारण्याऐवजी जुनी दुरुस्त करण्याकडे कल वळला आणि खर्च वाचला. इथे तक्त्यापेक्षा माणसाची सवय बदलली. सवय मात्र बदलीबरोबर दुसऱ्या कार्यालयात जाते.

तिसरा गुजरातचा. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वास्मो’ने अभियंत्यांबरोबर समाजकार्यातील माणसे नेमली. योजनेच्या खर्चातील दहा टक्के वाटा गावाने उचलायचा आणि कारभार पाणी समितीने पाहायचा, असा नियम केला. २००९ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. इथे शिकलेली गोष्ट संस्थेच्या नियमात उतरली, म्हणून अधिकारी बदलले तरी ती टिकण्याची शक्यता वाढली. नियमालाही धोका असतो. जिथे ठेकेदार किंवा एखादा पुढारीच गावाचा वाटा भरतो, तिथे नियम पाळला जातो आणि त्याचा हेतू हरवतो.

या तिन्हींतून मूल्यमापनाचे चार प्रश्न निघतात. पहिला : भागीदारीत वाईट बातमी कोणी आणली आणि पुढे तिचे काय झाले? ज्या मंचावर वर्षभरात एकही अपयश नोंदले गेले नाही, त्याने काही शिकले असे मानणे कठीण आहे. दुसरा : कोणता नियम, दर किंवा तरतूद बदलली? तिसरा : देणगीदार निघून गेल्यावर आणि दोन अधिकारी बदलल्यावर काय उरले? आणि चौथा : टेबलाशी कोण नव्हते?

चौथा प्रश्न स्वच्छतेच्या बाबतीत विशेष बोचरा आहे. २ ऑक्टोबर २०१४ नंतरच्या पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. दोन शोषखड्ड्यांची रचना असेल, तर एक भरल्यावर दुसरा वापरात येतो आणि पहिल्यातील मैल्याचे कालांतराने खत होते. जिथे एकच खड्डा आहे, तिथे तो कोण उपसणार? हाताने मैला उपसण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पण खड्डा भरला की जातीच्या जुन्या उतरंडीतूनच माणूस शोधला जातो. त्या माणसाला मी तरी कोणत्याही आढावा बैठकीत पाहिलेले नाही. शेवटच्या नळावरची बाई आणि पंपचालकही तिथे क्वचितच असतात.

यावर आक्षेप आहेत. शिकणे ही संथ प्रक्रिया आहे, ती आर्थिक वर्षात बसत नाही. आणि बदल या भागीदारीमुळेच झाला हे सिद्ध करणे अवघड असते. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. मोजमापाचा अतिरेक झाला की आकड्यांचा खेळ सुरू होतो. निर्मल ग्राम पुरस्कार मिळवलेली अनेक गावे नंतर जुन्या सवयींकडे परतली, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच नवा निर्देशांक नको. दर दोन वर्षांनी, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या व्यक्तींनी हे चार प्रश्न गावात जाऊन विचारावेत आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत, एवढे पुरे.

मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. नळ जोडण्याचे काम तोवर बहुतांशी होईल. ते नळ उन्हाळ्यात वाहतील की नाही, हे आपण या काळात काय शिकतो यावर ठरेल. आज पुन्हा ती बैठक घेण्याची संधी मिळाली, तर विषयपत्रिकेतला पहिला विषय मी पंपचालकाच्या वहीचे वाचन हा ठेवीन. आणि त्या सरपंच बाईंच्या गावापुढचा शेरा दुरुस्त होईपर्यंत इतिवृत्तावर सही करणार नाही.