खुबा अर्धवट निखळला; कार्डावर काय लिहिलंय?

मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून पूर्ण बाहेर आला, तर खुबा निखळला म्हणतात. गोळा थोडा सरकला, पण वाटीला टेकून राहिला, तर तो अर्धवट निखळला. डॉक्टर याला 'सबलक्सेशन' म्हणतात.

दवाखान्याच्या नोंदीत प्रत्येक आजाराला कोड असतो. आयसीडी-१० या जागतिक यादीत जन्मजात अर्धवट निखळलेला एक खुबा म्हणजे क्यू ६५.३, दोन्ही खुबे म्हणजे क्यू ६५.४. कागदावर एक की दोन हे लिहिलंच नसेल, तर क्यू ६५.५. पडून किंवा अपघातात निखळलेल्या खुब्याचा कोड एस ७३.०. कोड लावणारा माणूस रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. डॉक्टरांनी नुसतं 'खुबा दुखतो' लिहिलं, तर दुखण्याचाच कोड लागतो. पुढचे डॉक्टर आणि विमावाले तेच वाचतात.

म्हणून घरी निघण्याआधी कार्ड वाचा, नाहीतर शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या. चार गोष्टी पाहा: डावा की उजवा, अर्धवट की पूर्ण, जन्मजात की मार लागून, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत काय दिसलं. राहिलं असेल तर तिथेच लिहून मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.

लंगोट बदलताना बाळाची एक मांडी नीट फाकत नसेल, तर लगेच दाखवा. पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकदा पट्ट्यावर भागतं. उशीर झाला तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते.