राहुकाळ कोणत्या घड्याळाचा?

आकडे आणि आपण : लेखांक 6

हुबळीच्या देशपांडे नगरातल्या मराठी घरांत बहुधा दोन पंचांगं नांदतात. एक कालनिर्णय किंवा सोलापूरचं दाते, आणि दुसरी कुठल्यातरी दुकानदाराने दिलेली कन्नड दिनदर्शिका. चतुर्थी, एकादशी नि साडेतीन मुहूर्त पहिल्यात पाहायचे, राहुकाळ, म्हणजे रोजची राहूची अशुभ मानलेली वेळ, दुसरीत. पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्याला राहुकाळाचं फारसं काही वाटत नाही. इथे मात्र सोमवारी सकाळी साडेआठला कुणी नव्या कामाला निघालं की घरातलं वडीलधारं माणूस हटकतं, "नऊ वाजू देत, मग नीघ." गेल्या आठवड्यात आपण तीन आणि तेरा या आकड्यांविषयी बोललो. आज वेळ आणि तारीख.

राहुकाळाचं गणित सोपं आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग राहूचा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा, रविवारी आठवा. पहिला भाग कोणत्याच वारी त्याच्या वाट्याला येत नाही. सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरलं की एकेक भाग दीड तासाचा होतो आणि सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ येतो. दिनदर्शिकेत छापलेला आणि लोकांना पाठ असलेला तक्ता तो हाच.

पण हुबळीत सूर्य सहाला उगवतो कुठे? आपली घड्याळं 1 जानेवारी 1906 पासून लागू झालेल्या प्रमाणवेळेची. ती 82.5 अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची वेळ. हुबळी साधारण 75.1 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास मागे चालतो. शिवाय दिवस लहान-मोठा होतो तो वेगळाच. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सातच्या सुमाराला उजाडतं आणि सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. आठ भाग करून पाहा. सोमवारचा राहुकाळ येतो साधारण 8:25 ते 9:50. म्हणजे वडीलधाऱ्यांचा मान राखून नऊ वाजता बाहेर पडलेला मुलगा ऐन राहुकाळात उंबरा ओलांडतो आणि काही न मानणारा, साडेसातलाच निघून गेलेला शेजारी शास्त्राप्रमाणे निर्धोक सुटतो! जूनमध्ये हा फरक पुष्कळ कमी होतो, कारण तेव्हा सूर्य खरोखरच सहाच्या सुमाराला उगवतो.

गावागावाचा सूर्योदय देणारी पंचांगं आहेत, त्यावरून नेमका राहुकाळ काढता येतो. पण ते करतं कोण? वर्षानुवर्षं चुकीची वेळ पाळूनही कुणाचं अडलं नाही आणि ज्याचं अडलं त्याने घड्याळ तपासलं नाही. राहुकाळाविरुद्ध याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

तारखांचंही तेच. मराठी घरात अवसेला नवी वस्तू आणत नाहीत, प्रवास टाळतात. पण लक्ष्मीपूजन असतं आश्विन अमावास्येलाच. धारवाड जिल्ह्यात तर मातीचे बैल पूजायची अमावास्या वेगळी, शेतात जेवणावळी उठवायची एळ्ळ अमावास्या वेगळी. लातूर-धाराशिवकडे हीच वेळ अमावास्या. दुकानं आणि गाड्यांची पूजाही इथे अवसेला होते. चंद्र एकच, पण सीमेच्या या बाजूला त्याचा गुण वेगळा.

आता कर्नाटकातली सगळ्यात गाजलेली अशुभाची गोष्ट. चामराजनगरला जाणाऱ्या मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते, असं म्हणतात. पुरावा म्हणून जी नावं सांगतात त्यांत हुबळी ग्रामीणचे तेव्हाचे आमदार एस. आर. बोम्मई यांचंही असतं. बोम्मईंनी 13 ऑगस्ट 1988 ला सूत्रं घेतली (तारीख तेरा, हे लक्षात असू द्या) आणि 21 एप्रिल 1989 ला त्यांचं सरकार बरखास्त झालं. कारण गूढ नव्हतं. 19 आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली, त्यातल्या सात जणांनी लगेच घूमजाव केलं, तरी सभागृहात बहुमत न आजमावताच राष्ट्रपती राजवट आली. 11 मार्च 1994 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. देशातल्या एका मोठ्या निकालपत्रात कारणमीमांसा छापलेली असताना लोक दोष देतात चामराजनगरच्या रस्त्याला.

यादीतल्या इतरांचंही असंच. गुंडूराव 1983 ची निवडणूक हरले. वीरेंद्र पाटील आजारी असताना 1990 मध्ये पक्षश्रेष्ठींनी त्यांना हटवलं. कुमारस्वामींचा तर वीस-वीस महिन्यांचा करारच होता, मुदत संपल्यावर 2007 मध्ये खुर्ची सोडायचीच होती.

मग सिद्धरामय्या आले. शपथ 13 मे 2013 ला, म्हणजे तारीख तेरा आणि सालही तेरा. चामराजनगरला ते एकदा नव्हे, अनेकदा गेले आणि देवराज अर्सांनंतर पाच वर्षांची मुदत पूर्ण करणारे पहिले मुख्यमंत्री ठरले. तेरा तारखेला बसलेला एक मुख्यमंत्री आठ महिन्यांत गेला, दुसरा पाच वर्षं टिकला. तरी यादी पुसली गेली नाही.

मुंबईत याच जातीची गोष्ट 602 या आकड्याची आहे. मंत्रालयातल्या सहाव्या मजल्यावरचं हे दालन. एकनाथ खडसेंनी 2016 मध्ये राजीनामा दिला, पांडुरंग फुंडकर 2018 मध्ये वारले, अनिल बोंडे 2019 ला निवडणूक हरले, म्हणून दालन अपशकुनी ठरलं. पण त्याच निवडणुकीत पंकजा मुंडे आणि राम शिंदे हे मंत्रीही हरले. त्यांच्या दालनांचे क्रमांक कुणी विचारले? मंत्रिपद ही मुळातच जाणारी वस्तू आहे. कोणत्याही खोलीचा दहा वर्षांचा इतिहास काढला तर तीन-चार गेलेले मंत्री सापडणारच.

शुभ आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नुकसान फक्त पैशांचं. गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून लोक जादा शुल्क भरतात. 1 ते 9999 मध्ये असे नंबर 1,111 आहेत, म्हणजे दर नवांत एक. दुर्मीळ काही नाही. आणि हुबळीचा आरटीओ क्रमांक 63. सहा नि तीन नऊ. इथल्या प्रत्येक गाडीला नऊ फुकटच मिळालेला आहे.

पुढच्या आठवड्यात प्रसूतीचे मुहूर्त. तोवर वाचकांनी एक करावं. दिनदर्शिकेतला तक्ता बाजूला ठेवून आपल्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून राहुकाळ काढावा, महिनाभर त्या वेळेत केलेली कामं आधी लिहून ठेवावीत आणि ती झाली की फसली ते नंतर समोर मांडावं. जी झाली तीही लिहा, नाहीतर वही निरुपयोगी.