एका अक्षराची कोकरं

मेंढीच्या जनुकसंचात सुमारे २६० कोटी अक्षरं असतात. सेकंदाला एक या वेगाने, डोळ्याला डोळा न लावता वाचत बसलं तरी ८२ वर्षं जातील. एवढ्या मजकुरात सहाव्या गुणसूत्रावर एकाच जागी 'ए'चा 'जी' झाला आणि एका वेताला एक कोकरू देणारी मेंढी जुळी-तिळी देऊ लागली!

त्या बदलाने ५०२ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनातलं फक्त २४९वं आम्ल बदलतं. तेवढ्याने बीजांडकोशातला एक संदेश मंदावतो, बीजपुटकं लहान असतानाच पिकतात आणि जास्त बीजं सुटतात: बदलाची एक प्रत असली तर साधारण दीड जास्त, दोन असल्या तर तीन. २००१ साली तीन गटांनी हे अक्षर वेगवेगळं शोधून काढलं. जनुकाचं नाव फेक-बी.

ते सापडलं ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत, पण तेच अक्षर सुंदरबनच्या गारोळ मेंढीतही आहे. जेमतेम १०-१५ किलोची ही मेंढी! १७९२-९३मध्ये कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या; बुरूलाचं अक्षर त्यांच्यातूनच आलं असावं, असं मानतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळचा आपल्या दख्खनीशी संकर करून 'नारी सुवर्णा' तयार केली. शंभर दख्खनी मेंढ्या व्याल्या तर कोकरं शंभराच्या थोडी वर. अक्षराची एक प्रत असलेल्या शंभर मेंढ्यांना दीडशेच्या आसपास.

मग दोन प्रतींच्या मेंढ्याच का पाळू नयेत? कारण कासेला सड दोनच. तिळ्यांना दूध पुरत नाही, कोकरं कमी वजनाची होतात, आणि धनगराचा कळप तर रोज चालणारा. म्हणून मेंढीला एकच प्रत बरी, असं मला ठामपणे वाटतं. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल जनुकाचं गणित तर याहून कडक आहे: एका प्रतीने कोकरं वाढतात, दोन प्रतींनी मेंढी वांझ होते.

मेंढा मात्र दोन प्रतींचा हवा. त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळतेच, रक्त तपासायची गरज नाही. असा मेंढा ४० दख्खनी मेंढ्यांत सोडला तर मादी कोकरं होतील विसेक. त्या विसांच्या एकेका वेताला वाड्यात नऊ-दहा कोकरं जास्तीची.