दांपत्य आणि पाळत : 'संशयकल्लोळ' ते 'द फॅमिली मॅन'

प्रस्तावना

हेरकथा म्हटली की परकीय शत्रू, सांकेतिक निरोप आणि पाठलाग डोळ्यांसमोर येतात. तथापि विनोदी हेरकथेच्या एका प्रकारात पाळत उंबऱ्याच्या आतच ठेवली जाते आणि पती-पत्नीचे नाते हाच कथेचा खरा विषय असतो. 'द फॅमिली मॅन' या हिंदी मालिकेमुळे हा प्रकार अलीकडे घरोघरी पोहोचला. सातारा-सांगली परिसरातील मराठीच्या अध्यापकांना मात्र त्याचे बीज जवळच सापडेल. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांचे जन्मगाव. त्यांचे 'संगीत संशयकल्लोळ' हे परस्परांवर पाळत ठेवणाऱ्या दांपत्याचेच नाटक आहे. घरातील पाळतीतून विनोद कसा निर्माण होतो आणि तो कोठे थांबतो, हे या दोन कलाकृतींच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तसबिरीचा पुरावा

मोलिएर यांच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक रचले. त्याच्या आधारे देवलांनी प्रथम 'फाल्गुनराव अथवा तसबिरीची करामत' हे गद्य नाटक लिहिले. १९१६ मध्ये त्याचे संगीत रूप रंगभूमीवर आले. पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी ही परकीय कथा पूर्णतः मराठी केली.

घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात. ते दृश्य पाहून त्यांची पत्नी कृत्तिका संशयाने ग्रासते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, तेव्हा फाल्गुनरावांनाही पुरावा मिळतो. येथे लक्षणीय बाब अशी की, पुरावा खरा आहे. चुकतो तो अर्थ. दोघेही पाहतात, टिपतात, तर्क लढवितात; सरळ प्रश्न मात्र विचारीत नाहीत. प्रेक्षकांना सत्य आधीच ठाऊक असल्याने त्यांच्या प्रत्येक 'शोधा'चे हसू येते. सर्व पात्रे समोरासमोर येताच गाठ सुटते, कारण मुळात लपविण्यासारखे काही नसतेच.

खरे गुपित

राज निदिमोरू व कृष्णा डी. के. यांची 'द फॅमिली मॅन' २०१९ मध्ये प्रदर्शित झाली. तिचा नायक श्रीकांत तिवारी हा व्यवसायानेच गुप्तहेर. आपण किरकोळ सरकारी नोकर आहोत, असे तो घरी भासवितो. पत्नी सुचित्रा महाविद्यालयातील अध्यापन सोडून एका नवउद्योगात जाते आणि तेथील सहकाऱ्याविषयी श्रीकांतच्या मनात शंका उत्पन्न होते. देशाच्या शत्रूचा माग काढणाऱ्या या माणसाला लोणावळ्यात काय घडले, हे पत्नीला विचारण्याचे धैर्य होत नाही. विनोदाची जागा हीच.

येथे देवलांच्या नाटकाशी असलेला भेद स्पष्ट होतो. श्रीकांतचे गुपित खरे आहे आणि सुचित्रेच्या मनातही न सांगितलेले काही आहे. त्यामुळे समोरासमोर येण्याने गाठ सुटेलच, अशी खात्री उरत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रेक्षकही देवलांच्या प्रेक्षकाप्रमाणे सर्वज्ञ नसतो. तोही संशय घेऊ लागतो आणि त्याचे हसू ओसरते.

आजचा संदर्भ

तसबिरीची जागा आता भ्रमणध्वनीने घेतली आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात, जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल, असा निर्णय दिला. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागणे हेच नाते भंगल्याचे लक्षण होय, असेही न्यायालयाने सूचित केले. अर्थात, पाळतीमुळे विश्वास जातो यापेक्षा विश्वास गेल्यामुळे पाळत सुरू होते, हे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

समारोप

'संशयकल्लोळ' शिकविताना पदे, भाषांतर आणि गंधर्वकालीन रंगभूमी यांवर आपण पुष्कळ बोलतो. फाल्गुनराव मात्र हास्यास्पद वल्ली म्हणून मागे राहतात. वस्तुतः समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे संसार अशा काळात उभे राहणार आहेत, ज्यात पुरावा मिळविणे सोपे आणि विचारणे अवघड आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना परस्परांविषयी माहिती कमी नव्हती, संवाद कमी होता. एवढे जरी वर्गात उमगले, तरी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे नाटक केवळ परीक्षेपुरते उरणार नाही.